पाच गिरक्या

बटणकाकांना कुणी त्यांचं खरं नाव विचारलं असतं तर क्षणभर त्यांनाही आठवावं लागलं असतं, इतकी वर्षं ते बटणकाका होते. बायको नाच शिकवायची आणि हे कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून गाण्याचं बटण दाबायचे, म्हणून बटणकाका. कुण्या आगाऊ पोरीनं नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. पोटापाण्याचा धंदा म्हणाल तर तो निराळा. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणाऱ्या एका कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. "लोकांच्या दातांवर आपलं पोट भरलं," असं ते स्वतःच म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. बाईंना हा विनोद कधी आवडला नाही. बाई म्हणजे त्यांची बायको. अख्खा वर्ग बाई म्हणायचा, त्यामुळे घरीदारी त्या बाईच होऊन बसल्या होत्या.

बाई गेल्या त्याला वर्ष उलटून गेलं होतं. वर्ग मात्र बंद पडला नाही. चिमणीनं तो चालवायला घेतला. चिमणी चांगली उंच, धिप्पाड, तिशी ओलांडलेली. पण कॉलेज संपवून वर्गात आली तेव्हा तोंड क्षणभर मिटायची नाही, सारखी चिवचिव, म्हणून बाईंनीच तिला चिमणी केलं होतं. आता तीच पुढे उभी राहून शिकवायची आणि मागे लहानथोर मिळून वीसेक जणी. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावरचा तो लांबट हॉल, खालच्या वाफेनं सदा कोमट असलेली लाकडी जमीन, भिंतभर आरसा, आणि दाराजवळच्या कोपऱ्यात काका, त्यांचं टेबल, त्यांचा जुनाट लॅपटॉप. सगळं होतं तसं होतं. फक्त बाई नव्हत्या. म्हणजे काहीच होतं तसं नव्हतं, पण तेवढं कोण बोलून दाखवतंय?

एका संध्याकाळी वर्ग सुटल्यावर चिमणी घाम पुसत टेबलाशी आली आणि वाकून लॅपटॉपमध्ये बघायला लागली.

"काका, हे काय हो? 'गिरकी' पाच वेळा. 'झोका' चार वेळा. 'चकवा' परत पाच वेळा. एकच गाणं कितीदा भरून ठेवलंय!"

"असतं ते तसं," काका म्हणाले.

"असतं काय? सगळं डुप्लिकेट आहे. मला ही गाणी सगळ्यांच्या फोनवर टाकायचीत, घरी सराव करता येईल. पण कुठलं घ्यायचं तेच कळत नाही. तुम्ही जरा साफसफाई करा ना. एक गाणं, एक नोंद. बस्स."

"बघतो," काका म्हणाले, आणि लॅपटॉप जरा जास्तच घाईनं मिटला.

आता हे डुप्लिकेट प्रकरण काय होतं ते सांगायलाच हवं. बाईंचा डावा गुडघा फार वर्षांपूर्वी बिघडायला लागला. बाई कसल्या ऐकतात! डॉक्टर म्हणाले, खुर्चीत बसून शिकवा. बाई म्हणाल्या, खुर्चीत बसून तुम्ही शिकवा. दर वर्गाला पुढे उभ्या राहून, पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत स्वतः नाचायच्या आणि घरी येऊन पाय उशीवर टाकून भिंतीकडे तोंड करून पडायच्या. एक चकार शब्द नाही. मग सुट्टीत वर्ग बंद असताना काकांनी एक उद्योग केला. सगळ्या गाण्यांच्या नव्या प्रती काढल्या, जराशा सावकाश केलेल्या. सूर तोच, वाद्यं तीच, चाल मात्र किंचित आवरती. नाव बदललं नाही, कारण बाई यादीवरून नजर फिरवायच्या आणि नवं नाव दिसलं असतं तर तिथेच महाभारत झालं असतं. कवळी घासताना एकदम जास्त घासली की माणूस बोंब मारतो. केसभर घासली तर म्हणतो, आज छान बसतेय. काकांचा हात त्यात मुरलेला. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी बाई नाचल्या आणि म्हणाल्या, "बघा, विश्रांतीनं पाय कसा मोकळा झालाय!" काकांनी मान डोलावली. पुढच्या कुठल्याशा सुट्टीत पुन्हा केसभर. मग पुन्हा.

जुन्या प्रती त्यांनी कधी पुसल्या नाहीत. वेडी आशा हो, दुसरं काय! गुडघा कधीतरी बरा होईल, मग आपण एकेक पायरी हळूच परत वर चढू, तिला पत्ताही लागणार नाही, असा त्यांचा बेत होता. म्हणून एका गिरकीच्या पाच गिरक्या झाल्या होत्या. त्यातली कुठली लावायची हे जगात एकट्या काकांना माहीत होतं.

आणि खरी गोम इथेच होती. यादीत गोंधळ होता तोवर काका हवे होते. यादी साफ झाली की बटण कुणीही दाबलं असतं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? एवढंच की आठवड्यातल्या वर्गाच्या दोन संध्याकाळी सोडल्या तर काकांशी बोलणारं कुणी नव्हतं. मूलबाळ नाही. कारखान्यातले सोबती कुणी गावी गेले, कुणी देवाघरी. एकदा फोन वाजला, त्यांनी उचलला आणि 'हॅलो' म्हणायला गेले तर घशातून आवाजच फुटेना; आदल्या दिवशी दुकानदाराला "पिशवी नको" म्हटल्यानंतर त्यांनी तोंडच उघडलं नव्हतं. फोनवर कुणीतरी चुकीचा नंबर लागला म्हणून माफी मागत होतं. काकांना त्या माणसाला सांगावंसं वाटलं, अहो ठेवू नका, चुकीचा तर चुकीचा, जरा बोला. तेवढ्यात त्यानं ठेवला.

म्हणून काकांनी साफसफाई लांबवली. किती पानं झाली, किती राहिली असं विचारायला हे काही पुस्तक नव्हतं. कुणाला काय कळणार? चिमणी विचारायची, "झालं का काका?" काका म्हणायचे, "चालू आहे, किचकट काम आहे." परत विचारायची. काका म्हणायचे, "घाई करून चालत नाही, चुकून भलतंच पुसलं जायचं." हे बोलताना ते असा काही चेहरा करायचे की जणू एखाद्याची अक्कलदाढ उपटायची आहे. बिचारी चिमणी माघारी फिरायची. आणि काका टेबलाशी बसून, बरोबर तीच प्रत शोधून, बरोबर वेळेला बटण दाबायचे.

असं आणखी किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण एके दिवशी वर्ग सुरू व्हायच्या आधी चिमणी मोजपट्टी घेऊन त्यांच्या कोपऱ्यात आली.

"काका, तुमची यादी झाली ना की हे टेबल काढू आपण. इथे बूट ठेवायला रॅक करते. दारात नुसता ढीग होतो."

"आणि मी?" काकांच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही आता आराम करा हो! कशाला उगाच जिने चढायची दगदग? इतकी वर्षं केलंत, पुरे झालं की." ती इतक्या मायेनं म्हणाली की रागवायलाही जागा ठेवली नाही. मोजपट्टी टेबलाच्या कडेला लावून तिनं मापं घेतली आणि निघून गेली.

बूट! काकांच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांच्या जागी बूट येणार होते. त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखी बटणं दाबली आणि घरी जाताना जिन्यावर ठरवून टाकलं की उद्याच्या उद्या काम संपवायचं. घ्या तुमची यादी. घ्या तुमचा रॅक. आपण काही कुणाच्या दारात पडून राहणारे नव्हे.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण उरकून ते लॅपटॉप घेऊन बसले. सारख्या नोंदी शोधणारा एक प्रोग्राम त्यांनी केव्हाच आणून ठेवला होता, आजवर उघडला नव्हता. त्यानं भराभर सगळी यादी चाळली, एका नावाची गाणी एकेका गटात लावली आणि कुठली पुसायची त्यावर आपणहून खुणाही केल्या. खुणा सगळ्या सावकाश प्रतींवर. शेजारी कारण दिलं होतं: कमी दर्जा.

"कमी दर्जा म्हणे!" काका मोठ्यानं म्हणाले. "तुझ्या बापानं केलं होतं का एवढं नाजूक काम?"

खुणा त्यांनी काढल्या. कानात हेडफोन घातले आणि 'गिरकी' लावली, सगळ्यात सावकाश, शेवटची. डोळे मिटले तर बाई समोरच. ओठ घट्ट, मान ताठ, आणि डाव्या पायावर भार टाकायच्या आधी पापणी लवेपर्यंतचं ते थांबणं. काकांनी ती प्रत शेवटपर्यंत ऐकली. मग तिच्या आधीची. मग तिच्याही आधीची. प्रत्येक प्रतीत बाई जराशा तरुण होत गेल्या. सर्वांत पहिली, मूळची, त्यांनी किती वर्षांत ऐकलीच नव्हती. ती सुरू झाली आणि काका दचकले. काय वेग होता बाईंचा! भिरभिरायच्या नुसत्या. त्या काळी काका कारखान्यातून धावतपळत यायचे ते बटणासाठी थोडेच यायचे!

ते खुर्चीत मागे टेकले आणि त्यांना अगदी स्वच्छ वाटलं की हीच खरी. बाकीच्या चारही म्हणजे गुडघ्याचं दुखणं. बाईंना आपला लंगडेपणा जगाला दिसू द्यायचा नव्हता. तो आता वीस जणींच्या फोनमध्ये कशाला जायला हवा? बाईंना कळतं तर त्यांनी आधी याच चार पुसल्या असत्या, आणि मग नवऱ्याकडे वळल्या असत्या. शिवाय चिमणीचे गुडघे ठणठणीत. नाचेल की ती जोरात. रागही होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नुसता राग नव्हता. त्यांना बाईंना त्यांचा वेग परत द्यायचा होता.

एकेका गटात त्यांनी मूळ प्रत ठेवली आणि बाकीच्यांवर खुणा केल्या. पुसल्या. लॅपटॉपनं विचारलं, कचरापेटी रिकामी करायची का, पुसलेलं परत मिळणार नाही. काका क्षणभर थांबले. मग जे आयुष्यभर केलं तेच केलं, बटण दाबलं. चिमणीला गाणी पाठवली आणि खाली लिहिलं, "एक गाणं, एक नोंद. झालं."

पुढच्या वर्गाला ते गेले. टेबल अजून जागेवर होतं. सवयीनं लॅपटॉप त्यावर ठेवला, पण उघडण्याचं काही कारण नव्हतं, म्हणून हात मांडीवर घेऊन बसले. चिमणीनं फोन स्पीकरला जोडला, सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि ऐटीत 'गिरकी' लावली.

पहिल्या चार पावलांतच विचका झाला. पुढची ओळ अजून हात उचलतेय तोवर गाणं वळणावर पोचलेलं. मधल्या दोघी एकमेकींवर आपटल्या. मागची एक जाडजूड नर्स, जी ड्यूटी संपवून तशीच यायची, ती जागीच उभी राहून म्हणाली, "अगं, हे काय गाणं आहे की रुग्णवाहिका?" सगळ्या खोखो हसायला लागल्या.

"काका, गाणं पळतंय!" चिमणी ओरडली. तिनं 'झोका' लावून पाहिलं. तोही पळाला. "फोन बिघडला की काय?"

काका खुर्चीत पुढे सरकले. "फोन ठीक आहे," ते म्हणाले. "हीच मूळ गाणी आहेत. बाई अशाच नाचायच्या."

"छे हो! काहीतरीच काय? मी इतकी वर्षं बाईंच्या मागे उभी राहिलेय. थांबा, तुम्हाला दाखवते बाई कशा नाचायच्या." तिनं गाणं बंद केलं आणि टाळी वाजवली. "चला गं, गिरकी. गाण्याशिवाय. नुसती पावलं."

आणि वीस जणी नाचायला लागल्या. आवाज फक्त पायांचा, कोमट लाकडावर. काकांनी इतक्या वर्षांत वर्गाकडे कधी धड पाहिलंच नव्हतं. ते एकतर लॅपटॉपकडे बघायचे, नाहीतर एका डाव्या गुडघ्याकडे. आज बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी पाहिलं. वेग तोच होता, त्यांनी घासून घासून आणलेला, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. वळण आलं. डाव्या पायावर भार टाकायच्या आधी चिमणी किंचित थांबली. तिच्या मागे नर्सही थांबली. दहा-बारा वर्षांच्या पोरी होत्या, हरणासारखे पाय असलेल्या; त्याही थांबल्या. हनुवटी वर, ओठ घट्ट. एक दबका क्षण गेला आणि मग सगळा वर्ग एकदम फिरला.

काकांनी टेबलाची कड धरली. हे तिचं होतं. पाय टेकवू की नको, धरेल की दगा देईल, असं गुडघ्याला विचारून घेणं होतं ते. त्यांनी आजवर ते एकाच बाईच्या अंगात पाहिलं होतं आणि दर वेळी त्यांचा जीव टांगणीला लागायचा. आता समोर वीस जणी ते करत होत्या आणि एकीचाही गुडघा दुखत नव्हता.

"परत एकदा करा," काका म्हणाले. त्यांचा आवाज चमत्कारिक आला असावा, कारण कुणी काही विचारलं नाही. त्यांनी लॅपटॉप उघडला, मूळ 'गिरकी' घेतली आणि एका कानाला हेडफोन लावून, नजर पावलांवर ठेवून, वेग उतरवत नेला. चष्मा दोनदा पुसावा लागला. अजून जरासा. अजून केसभर. गाणं पावलांवर बसलं तेव्हा त्यांनी स्पीकर जोडला, आणि पोरींनी नाचता नाचताच आनंदानं आरोळी ठोकली.

"हेच! हेच आपलं!" नाच संपल्यावर चिमणी धापा टाकत टेबलाशी आली. "कसं काय जमवलंत हो इतकं पटकन?"

"कवळ्या बसवायचो ना," काका म्हणाले. "ही तुझ्या फोनवर पाठवली. बाकीचीही याच मापानं घरून करून पाठवतो. एक गाणं, एक नोंद."

"आणि त्या पळणाऱ्यात बघा, वळणापाशी थांबायला जागाच नव्हती. बाईंचा सगळा जीव त्या थांबण्यात. आम्हाला म्हणायच्या, वळायच्या आधी श्वास घ्या, नाच त्या श्वासात असतो." ती खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभी राहिली. "काका, त्यांना हे सुचलं कसं असेल हो?"

चार-पाच जणी जवळ आल्या होत्या. नर्सनं तर स्टूलच ओढून घेतलं. काकांना कळत होतं की आता नुसतं तोंड उघडायचा अवकाश आहे. गुडघ्याचं सांगितलं, सुट्टीतल्या चोरट्या कामाचं सांगितलं, की या सगळ्या तोंडावर हात ठेवून ऐकत बसतील. काका, मग? काका, पुढे काय झालं? पुढच्या वर्गालाही म्हणतील, काका, या ना, बसा ना, सांगा ना. टेबल राहील. रॅक दुसरीकडे जाईल. त्यांना इतकं सांगावंसं वाटत होतं की जीभ दातांशी येऊन थांबली होती. आणि बाईंनी मरेपर्यंत जे कुणाला दिसू दिलं नाही ते या कोमट जमिनीवर उघडं पडलं असतं.

"श्वासच तो," काका म्हणाले. "तिचा तसाच होता, पहिल्यापासून."

त्यांनी लॅपटॉपची वायर गुंडाळली, पिशवी खांद्याला लावली आणि "येतो" म्हणाले. चिमणी म्हणाली, "सावकाश उतरा हो." दारात बुटांचा ढीग होता, त्यातून वाट काढत ते जिना उतरले. वर गाणं पुन्हा सुरू झालं, बरोबर ठिकाणाहून, त्यांच्याशिवाय.

चालत ते घरी पोचले. कुलूप काढलं, आत आले, दिवा लावला. पिशवी खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

"अगं, ऐकलंस का?" ते मोठ्यानं म्हणाले. "त्या सगळ्या तुझ्या गुडघ्यानं नाचतायत."

मग ते तिथेच दाराशी उभे राहिले. यावर ती कडाडून भांडली असती, माझ्या गाण्यांना हात लावायची तुमची हिंमत कशी झाली म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं, आणि तेवढं भांडण ऐकल्याशिवाय त्यांचा पाय पुढे पडत नव्हता.